एकदाही नापास न झालेली गाडी

नानामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुऱ्या तळत होते. मी गॅस बंद केला नाही. घाणा पुरा काढला, पुऱ्या कागदावर निथळत ठेवल्या आणि मग मामेबहिणीला म्हटलं, "बरं." ती बिचारी पलीकडे रडत होती, तिच्याशी माझं काही भांडण नाही. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण मला जे बोलायचं होतं ते मी तो धडधाकट असताना, त्याच्या तोंडावर, सात ड्रायव्हरांसमोर बोलून घेतलं होतं. आता ते फक्त लिहून काढायचं राहिलं आहे, आणि लिहिताना हात आखडता घेणार नाही, ना त्याच्या बाबतीत, ना माझ्या.

तेव्हा आम्ही नेरूळला तळमजल्यावर राहायचो. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अण्णांची गाडी. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे कऱ्हाडकडचे. तीस वर्षं त्यांनी तळोज्याच्या एका कारखान्याचा ट्रक चालवला होता, आणि तिथून सुटल्यावर ही जुनी डिझेल गाडी घेतली होती, पिवळ्या पाटीची, भाड्यानं चालवायची. आमच्या आधी तिला किती मालक होऊन गेले ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सकाळी चावी अर्धी फिरवून ते इंजिन तापवायचा हीटर लावायचे आणि पंचवीस अंक मोजायचे, मोठ्यानं, पाढे म्हटल्यासारखे. मग इंजिन धडधडायला लागलं की आमच्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर किणकिणायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, "अहो, गिरणी चालू झाली का?" आई तोवर भाकऱ्या थापत असायची. तव्यावरच्या भाकरीचा वास, डिझेलचा वास आणि वारा खाडीकडून असला तर सारसोळ्याच्या सुकटीचा वास, या तिन्हींची मिळून आमची सकाळ व्हायची. आजही एखादी जुनी डिझेल गाडी शेजारून गेली की मला आधी भूक लागते, मग राग येतो.

गाडी सुरू करण्याआधी अण्णांची एक फेरी असे. पाणी बघायचं, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवायची, चारही चाकांना पायानं ठोकायचं, दिवे लावून भिंतीवर उजेड पडतो का ते पाहायचं. आमच्या वसाहतीतली सहा मुलं ते बेलापूरच्या शाळेत पोचवायचे. मुलं त्यांना अण्णाआजोबा म्हणायची आणि सीटखाली शेंगांची टरफलं टाकायची. अण्णा रोज ती झाडून काढायचे, पण कधी कुणावर खेकसले नाहीत.

भाड्याच्या गाडीला वर्षातून एकदा पासिंगला न्यावं लागतं. मैदानात गाड्यांची रांग लागायची. आरटीओचे साहेब येऊन ब्रेक मारून बघायचे, दिवे, हॉर्न, वायपर बघायचे, ॲक्सिलेटर दाबायला लावून मागून धूर काळा येतो का ते बघायचे, आणि पसंत पडलं नाही की कागद परत. जुन्या डिझेल गाड्या सहसा पहिल्या खेपेला पास होत नसत. कुणाची दोनदा परत यायची, कुणाची तीनदा, आणि तेवढे दिवस धंदा बंद. आमची मात्र दर वर्षी पहिल्या झटक्यात पास. चार वर्षांत एकदाही नापास नाही. हा सगळा चमत्कार नानामामाचा.

नानामामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. कळंबोलीला, लोखंडाचा बाजार संपतो आणि ट्रकची आवारं सुरू होतात तिथं त्याचं गॅरेज होतं. पण त्याचं खरं नाव होतं ते पासिंगसाठी. नानाच्या हातून गाडी गेली की पास, असं उरण-पनवेलपर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे. सकाळी तो आमची गाडी घेऊन जायचा आणि दुपारी धुऊनपुसून, पुढच्या काचेत लिंबू-मिरची लटकवून परत आणायचा. खालूनच आरोळी ठोकायचा, "ताई, पास!" मग आई त्याच्यासाठी केलेलं मटण वाढायची, तो बोटं चाटत अण्णांना सांगायचा, "दाजी, नवीन लायनर टाकलेत चारी चाकांना. बसायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर ब्रेक जरा मऊ लागंल, टेन्शन घेऊ नका."

ब्रेकच्या ड्रममध्ये आतून जी पट्टी घासते तिला लायनर म्हणतात, आणि नवा लायनर बसायला काही दिवस लागतात हे अगदी खरं आहे. नानामामाचं खोटं असं खऱ्याच्या पानात गुंडाळलेलं असायचं. रोज चाकं ठोकणाऱ्या अण्णांनी पासिंगहून आलेल्या गाडीचं चाक कधी खोलून पाहिलं नाही. मी एकदा विचारलंही. म्हणाले, "खुळी का काय तू? मेव्हण्यानं हातानं बसवलेलं आपण उघडून बघायचं? तुझ्या आईला काय वाटंल?" आमच्याकडे बायकोच्या माहेरचं माणूस जेवायला बसलं की त्याच्या पानात डोकावत नाहीत, तसंच ते. एवढीच त्यांची चूक.

पाचव्या वर्षी पासिंग होऊन आठवडा झाला होता. बेलापूरला टेकडीवरून शाळेकडे उतरणारा रस्ता आहे. त्या उतारावर अण्णांनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली जाऊन टेकलं, गाडी थांबली नाही. त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाऱ्यात गाडी घातली. दुसरा कुणी असता तर खालच्या चौकात सहाही पोरं गेली असती, हे मी आज स्वतः पंचवीस वर्षं गाडी चालवल्यावर सांगते. पण पुढं बसलेल्या पिंकीचा हात मोडला आणि दोन दात पडले. अण्णा तिला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत गेले. त्यांच्या शर्टावरचं तिचं रक्त आईनं तीनदा धुतलं, तरी गेलं नाही.

रविवारी सोसायटीच्या आवारात सतरंजी टाकून मुलांचे आईबाप जमले. गाडीत दोष होता की ड्रायव्हरमध्ये, एवढाच प्रश्न होता. नानामामा पासिंगचा कागद घेऊन आला. कागद सगळ्यांना फिरवून दाखवला आणि मान खाली घालून, फार वाईट वाटत असल्याच्या सुरात म्हणाला, "माझी सख्खी बहीण आहे ओ ह्या घरात. बोलवत नाही. पण गाडी आठ दिवसांमागं पास झालीय. साहेबांनी स्वतः ब्रेक मारून बघितलाय. गाडीला काय झालेलं नाही. दाजींच्या डोळ्यांचं आता... वय झालं. आम्ही घरात कितीदा बोललो, ऐकत नाहीत."

घरात कुणीही, कधीही, असं काही बोललेलं नव्हतं. मी उठायला लागले तर अण्णांनी माझं मनगट धरलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. लोकांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ आपापल्या सोयीनं लावला.

दुसऱ्या दिवशी इसाकचाचांनी चाक खोललं. ते मूळचे उरणच्या बाजूचे, नेरूळ स्टेशनामागं त्यांचं लहान वर्कशॉप होतं. कारखान्यात असल्यापासूनचे अण्णांचे दोस्त. त्यांनी ड्रम काढला आणि मला जवळ बोलावलं. लायनर घासून घासून कागदाएवढा उरला होता, त्यातून रिव्हेटची डोकी वर आली होती आणि त्यांनी ड्रमला आतून चरे पाडले होते. "बघ बेटी," चाचा म्हणाले, "हा आठ दिवसांचा हाय? हा दोन वर्सांचा हाय. पास झाला तेव्हा ह्यात दुसरा माल व्हता. मग काढून घेतलान." ते अण्णांकडे वळले. "चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू सगळ्यांना."

अण्णांनी ड्रम उचलून स्वतःच्या हातानं परत बसवला. "इसाक, तिला एकच भाऊ हाय," एवढंच म्हणाले. माझ्याकडून त्यांनी शपथ घेतली नाही, घ्यायला हवी होती.

त्यानंतर मुलांची गाडी दुसऱ्याला गेली आणि आमची ताडपत्रीखाली. अण्णा खिडकीत बसून राहायचे. मोठ्या रस्त्यावरून बस गेली की पाटी वाचायचे, "सुमे, नंबर बरोबर हाय का बघ." बरोबरच असायचा. मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचा. तरी ते पुन्हा पुढची बस वाचायचे. खाली खेळणारी मुलं एकमेकांना "ए अण्णाआजोबा, समोर बघ" म्हणून चिडवायची. तीस वर्षांत ज्यानं रस्त्यावर कोंबडीसुद्धा मारली नाही, असा माझा बाप स्वतःच्या डोळ्यांची रोज परीक्षा घेत होता, आणि मी वाट्या विसळत ते ऐकत होते. तेव्हा माझं ठरलं. नानामामानं जे तोंडानं केलं होतं, ते त्याच्याच तोंडानं निस्तरायला लावायचं. सगळ्यांसमोर. आणि ते करताना त्याला जितका त्रास होईल तितका मला हवा होता.

माझी बारावी झाली होती. मी नानामामाकडे गेले आणि म्हटलं, तुमचे पासिंगचे फॉर्म भरायला येते. त्याचं अक्षर दिव्य होतं, स्वतःलाच लागायचं नाही. तो खूश झाला. "घरचं माणूस ते घरचं माणूस," म्हणाला. आईलाही बरं वाटलं, निदान पोरगी तरी भावाला धरून आहे. मी रोज कळंबोलीला जायची, त्याच्या पत्र्याखाली बसून फॉर्म भरायची, त्याच्यासोबत चहात खारी बुडवून खायची, त्याच्या विनोदांना हसायची. तो बाहेर गेला की दात-ओठ खायची. केसानं गळा कापायची विद्या मी त्याच्याकडूनच शिकत होते.

आषाढात मला डबा सापडला. गल्ल्याच्या फळीखाली एक लाकडी खोका होता, त्याला तो पासिंगचा डबा म्हणायचा. त्यात चार चाकांचे कोरे लायनर होते, जोड्या जोड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एकच संच. पासिंगच्या सकाळी तो स्वतः ते चढवायचा, साहेबांसमोर गाडी जागच्या जागी थांबायची, आणि मैदानातून परत येताना गॅरेजवर ते उतरवून जुने परत. धूर काळा येऊ नये म्हणून डिझेलचा पंपही तेवढ्यापुरता बारीक करायचा. पुढच्या आठवड्यात तोच संच दुसऱ्या गाडीला. सात ड्रायव्हर त्याच्याकडे कायमचे होते. सातही जणांना वाटत होतं, आपल्या गाडीत नवे लायनर आहेत. एकही गाडी कधी नापास झाली नव्हती.

मी त्याच दिवशी बोलू शकले असते. मी दसऱ्यासाठी थांबले. दसऱ्याला सगळे ड्रायव्हर गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून गॅरेजवर यायचे, पान्या-पकडींची पूजा व्हायची, प्रत्येक चाकाखाली लिंबू फुटायचं. त्या गॅरेजची एक रीत होती, मानाचं चाक. पूजेत एका गाडीचं एक चाक खोलून ड्रमला हळदकुंकू लावायचे, म्हणजे वर्षभर ब्रेक दगा देत नाही. दर वर्षी तो मान नानामामा स्वतःच्या गाडीला द्यायचा. का, ते आता मला कळलं होतं.

मी आईला भरीला घातलं, दसऱ्याला रुसवा नको, अण्णांना घेऊन ये. तिला आनंदच झाला. ती श्रीखंडाचा डबा घेऊन आली, मागून अण्णा, इस्त्रीच्या सदऱ्यात, ओढून आणल्यासारखे. इसाकचाचांनाही मी बोलावलं होतं. नानामामा पाट मांडत होता तेवढ्यात मी हार उचलला आणि हरीदादाच्या गाडीला घातला. हरीदादा सारसोळ्याचा, सातांतला सगळ्यात दांडगा. आमची शाळेची मुलं आता त्याच्याच गाडीत जायची.

"ह्या वर्षी मान हरीदादाचा," मी म्हटलं.

"अगं, त्याचं कशाला? पूजा खोळंबंल," नानामामा पटकन उठला.

"खोलंबूदे की," हरीदादा खुलला होता. "माजे गारीला मान भेटतंय तं तुजे पोटात का दुखतंय?" त्यानं स्वतःच जॅक लावला. मी कुंकवाचं ताट हातात धरून उभी होते.

ड्रम निघाला. हरीदादा वाकून बघत राहिला. मग बोट आत घालून रिव्हेटवरून फिरवलं. "नाना, यो का हाय? म्हयना झाला ना नवीन टाकलास?"

नानामामा काहीतरी बोलायला लागला, कंपनीचा माल हल्ली, वगैरे. मी आत गेले, खोका उचलून आणला आणि पाटावर पकडींच्या शेजारी ठेवला. वरचं वर्तमानपत्र काढलं. "ह्याची पण पूजा करा," मी म्हटलं. "तुमच्या साती गाड्यांना पास करणारा देव हा एकच आहे. सकाळी बसवतात, दुपारी काढतात." मग मी चारही जोड्या एकेक करून मांडल्या, सावकाश, आणि प्रत्येक जोडी ठेवताना नानामामाकडे बघितलं. मला घाई नव्हती.

बाकीच्यांनी आपापले जॅक काढले. हार घातलेल्या गाड्यांची चाकं उतरू लागली, झेंडू तेलात पडला. प्रत्येक ड्रममध्ये तेच. एकानं नानामामाची गचांडी धरली. इसाकचाचा मध्ये पडले नसते तर त्या दिवशी त्याचे दात गेले असते, पिंकीसारखे. मला चाललं असतं.

"आधी बोल," मी म्हटलं. मामाला एकेरीत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. "सोसायटीत जे बोललास ते इथं उलटं बोल. अण्णांकडे बघून."

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं श्रीखंडाचा डबा छातीशी धरला होता. ती तोंड फिरवून उभी राहिली, आणि त्यानंतरच्या एकाही भाऊबीजेला तिनं ताट लावलं नाही.

"दाजींची नजर चांगली हाय," नानामामा म्हणाला. "गाडीलाच ब्रेक नव्हता."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं बोलला. तिसऱ्यांदाही मी बोलायला लावलं, नुसतं मला बरं वाटावं म्हणून. आणि वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला नंतर लग्नात वाटलं नाही, की मुलगा झाला तेव्हा वाटलं नाही.

मी अण्णांकडे वळले. मला वाटलं होतं, ते रडतील, निदान माझ्या डोक्यावर हात ठेवतील. ते हरीदादाच्या गाडीपाशी उकिडवे बसून ड्रममध्ये बघत होते.

"सुमे," ते म्हणाले, "हा डबा तुला कधी गावला?"

"आषाढात."

"आषाढात," ते म्हणाले. "हरीच्या गाडीत पोरं किती बसतात?"

उत्तर हरीदादानं दिलं. "सहा. पिंकी पन हाय ना."

"रोज त्याच उतारानं?"

"मग? दुसरा रस्ता हाय कुटं?"

अण्णा उठले. त्यांनी सातही चाव्यांसाठी हात पुढे केला आणि ड्रायव्हरांनी मुकाट्यानं दिल्या. त्या दिवशी एकही गाडी घरी गेली नाही. इसाकचाचांनी दुकान उघडून घेऊन माल आणला, आणि दोघं दोस्त तिथंच, पूजेच्या पाटाशेजारी, एकेक चाक भरायला बसले. मी पाना पुढे केला तर अण्णांनी तो घेतला नाही, वाकून दुसरा उचलला.

तीन दिवस लागले. गाडी तयार झाली की अण्णा स्वतः चालवायला बसायचे आणि मला म्हणायचे, "बस." पुढच्या सीटवर. आम्ही बेलापूरच्या त्या उतारावर जायचो. अर्ध्यावर ते ब्रेक दाबायचे, गाडी थांबायची, ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि गाडी परत वळवायचे. सातही गाड्या त्यांनी तशाच नेल्या आणि सातही वेळा मला नेलं. सहाव्या खेपेला मी म्हटलं, "अण्णा, बास. कळलं मला." त्यांनी गिअर टाकला. "अजून हरीची ऱ्हायलीय," ते म्हणाले.